पायाखाली ‘धप्प’ झालं तेव्हा: बर्फाच्या उतारावरचा धोका ओळखायचा कसा?

ओलीवाट

नमस्कार मंडळी. सह्याद्रीत अकरा वर्षं भटकतेय, पण भर बर्फात हिमालयात यंदा पहिल्यांदाच गेले. मार्चचा पहिला आठवडा, मनालीच्या वर धुंदीहून बकरथाचकडे. आम्ही सात जण आणि सोबत तिथलाच एक गाइड. आदले दोन दिवस बर्फ पडून गेला होता. आम्ही निघालो त्या सकाळी मात्र आभाळ लख्ख निळं होतं.

एके ठिकाणी उजवीकडे चढत गेलेला एक मोठा उघडा उतार लागला, तो आडवा कापून पुढे जायचं होतं. साधारण मध्यावर होतो आणि पायाखाली ‘धप्प’ असा आवाज झाला. वरच्या मजल्यावर कुणी कापसाची गादी टाकावी तसा. आवाजाबरोबर पायाखालची जमीन अंगठाभर खाली बसल्याचं स्पष्ट जाणवलं, आणि फक्त माझ्याच नाही, सातही जणांच्या पायाखालची. गाइड थबकला, वर बघितलं आणि म्हणाला, “यहाँ ग्लेशियर आता है, जल्दी निकलो.” मी हिमनदी कुठे दिसतेय ते शोधत राहिले. आम्ही घाबरून एकमेकांना चिकटून भराभर चालत पलीकडे गेलो. काहीच झालं नाही. संध्याकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, “बर्फ बैठती है, दीदी.”

चार महिने झाले, तो आवाज कानातून जात नाही. नेमकं काय होतं ते? येत्या फेब्रुवारीत धाकट्या भावाला घेऊन पुन्हा जायचं मनात आहे. गिर्यारोहणाचा कोर्स न केलेल्या माणसाला हे कितपत शिकता येतं? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गडकोट

वीस वर्षं हिमालयात जातोय. एकच सांगतो: गाइड स्थानिक घ्या आणि तो म्हणेल ते ऐका. पुस्तकं वाचून बर्फ कळत नाही. तुमच्या गाइडने ‘लवकर निघा’ सांगितलं, तुम्ही निघालात, सुखरूप आलात. झालं. फार खोलात शिरलात तर भीतीने जाणंच बंद होईल.

कातळकडा

ओलीवाट ताई, आधी हे सांगतो की तुम्ही सगळे परत आलात याचा मला मनापासून आनंद झाला. तुम्ही ऐकलेला आवाज म्हणजे तो उतार ‘मी सुटायला तयार आहे’ असं सांगत होता. याहून स्पष्ट इशारा बर्फ देत नाही.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा थर असतो आणि दोन वर्षावांच्या मधल्या उन्हाने, थंडीने, वाऱ्याने त्या थराचं रूप पालटलेलं असतं. यातला एखादा थर ठिसूळ होतो. त्याच्यावर नंतर पडलेला बर्फ घट्ट बसून त्याची सलग लादी होते. तुमच्या वजनाने खालचा ठिसूळ थर कोसळला, वरची लादी खाली बसली आणि मधली हवा बाहेर फेकली गेली. तो ‘धप्प’ हवेचा. हे कोसळणं एका जागी थांबत नाही, थराथरातून दूरवर पळत जातं, म्हणूनच सातही जणांना एकदम जाणवलं. जागा सपाट असेल तर एवढ्यावरच भागतं. उतार पुरेसा तीव्र असेल तर वरची अख्खी लादी सुटते.

पुरेसा म्हणजे किती? लादीची हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा सुटत नाही आणि खूप उभ्या कड्यावर तो साठतच नाही, पडतापडताच झडत राहतो. आपल्या घराच्या जिन्याचा उतार साधारण तिशी-पस्तिशीतला असतो. सह्याद्रीतली घसाऱ्याची वाट आठवा, जिथे पाऊल टाकलं की दगडमाती सरकते. तोही याच पट्ट्यातला. म्हणजे ज्या उताराकडे बघून आपल्याला ‘हा काय, आरामात जाईन’ वाटतं, नेमका तोच.

आणि तुमच्या गाइडच्या ‘ग्लेशियर’बद्दल. हिमाचल आणि उत्तराखंडात गावातली माणसं हिमस्खलनालाच ग्लेशियर म्हणतात. ‘ग्लेशियर आया’ म्हणजे वरून बर्फ सुटून आला. आपण शहरातली मंडळी शाळेच्या भूगोलातली हिमनदी शोधत बसतो. त्याने तुम्हाला नेमकं आणि वेळेवर सांगितलं होतं, तुम्हाला ते कळायची सोय नव्हती. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने हा एक शब्द तरी पाठ करून जावा.

चिकटून चालण्याबद्दल मात्र बोललंच पाहिजे. असा उतार कापणं अगदी अटळच असेल तर एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. सात जणांचं वजन एकदम पडलं की शक्यता वाढते, आणि सुटलंच तर उकरून काढायला मागे कुणी उरत नाही.

ओलीवाट

वाचून हात गार पडले. खूप आभार, दादा. एक शंका: तो ठिसूळ थर तयार कसा होतो? आम्ही गेलो तेव्हा ताजा बर्फ तर जेमतेम गुडघ्याएवढा होता. मला वाटायचं भरपूर बर्फ असेल तिथेच धोका.

कातळकडा

हा गैरसमज सर्वांचा असतो आणि तो जीवघेणा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्याच्या आसपास असतं, कारण जमिनीत ऊब साठलेली असते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे दहा-बाराच्या खाली सहज जातो. समजा बर्फाची जाडी ६० सेंटिमीटर आहे, तळाला शून्य आणि वर उणे १२. म्हणजे दर १० सेंटिमीटरला दोन अंशांचा फरक. हा फरक दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त झाला की बर्फातली वाफ तळाकडून वर सरकू लागते आणि वाटेतल्या कणांवर गोठते. कणांचे मूळचे बारीक, एकमेकांत अडकणारे काटे नाहीसे होतात, त्यांच्या जागी मोठे, पैलूदार, सुटेसुटे कण तयार होतात. मुठीत घेतलं तर गोळा होत नाही, भरड साखरेसारखे बोटांतून गळतात. याच थंडीत बर्फाची जाडी दोन मीटर असती तर तोच १२ अंशांचा फरक दोन मीटरभर पसरला असता आणि कण उलट एकमेकांना धरून बसले असते. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीचा थोडका बर्फ आणि त्यानंतरची कोरडी, कडाक्याची थंडी हा सगळ्यात वाईट पाया.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. या दिवसांत भरपूर बर्फ पडत राहिला तर थर दणकट होत जातो. जेमतेम पडून महिनाभर आभाळ कोरडं राहिलं तर तळाशी साखर तयार होते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग उघडंबोडकं पडलं होतं, पर्यटक माती बघून परतत होते. मग फेब्रुवारीत एकामागून एक पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळं) आले, बर्फ ढिगाने पडला, सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच महिन्याच्या २२ तारखेला गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उतारावर हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीअर गेला. त्या विशिष्ट उताराच्या पोटात कोणता थर होता हे मी पाहिलेलं नाही, पण अशा हिवाळ्यात, अशा क्रमाने बर्फ पडला की मी स्वतः तीस अंशांच्या वर पाऊल ठेवत नाही.

घरी करून बघा. एका लाकडी फळीवर पाणी शिंपडून कणकेचा पातळ थर चिकटवा. त्यावर साखर भुरभुरा. त्यावर पुन्हा दोन बोटं जाडीची कणीक चाळणीने पाडा आणि हाताने हलकेच थापटा. आता फळी एका बाजूने सावकाश उचलत जा. बराच वेळ काही होणार नाही. मग एका क्षणी वरची कणीक सगळीच्या सगळी, कापल्यासारखी सरळ कड सोडून खाली येईल. माझ्या मुलीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, पण ती आधी थोडीथोडी का नाही सरकली?’ तिला नेमकं तेच दिसलं होतं. लादीचं हिमस्खलन थोडंथोडं होत नाही.

माणदेशी

मी सैन्यातून निवृत्त. सेवेची बरीच वर्षं काश्मीरच्या बर्फात गेली. जास्त लिहिता येत नाही, पण या विषयावर लिहिलंच पाहिजे.

आम्हाला उतार ओलांडायचा असला की निघायचं पहाटेच्या अंधारात, बर्फ करकरीत गोठलेला असताना. ऊन चढलं की दक्षिणेकडची बाजू ओली होऊन सुटते. उत्तरेकडच्या बाजूला ऊन पोचत नाही, तिथे थंडी मुरते आणि आतला कच्चा थर आठवडेच्या आठवडे कच्चाच राहतो. तेव्हा एक बाजू वेळेप्रमाणे बदलते, दुसरी बदलतच नाही, हे ध्यानात ठेवायचं. ओलांडताना पाठीच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, काठ्यांचे फास मनगटातून काढायचे. बर्फाने ओढलं तर पिशवी आणि काठ्या तुम्हाला खाली खेचतात. अंगाला लाल दोरी बांधून तिचं टोक मागे मोकळं सोडायचं, पुरला गेलात तर दोरीचा एखादा वळसा वर दिसावा म्हणून. प्रत्येकात अंतर. बोलायचं नाही. बोलण्याने बर्फ सुटतो म्हणून नव्हे, तो समज खोटा आहे. बर्फाचा आवाज ऐकू यावा म्हणून.

२०१६ च्या ३ फेब्रुवारीला सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फ कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यात आमच्या माण तालुक्यातला एक जण होता. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, साऱ्या देशाने देव पाण्यात ठेवले, पण ११ तारखेला तेही गेले. लोक त्या सहा दिवसांची गोष्ट सांगतात. मी उरलेल्या नऊ जणांना धरून सांगतो. तिथे तो जवान हुकुमाने उभा असतो, त्याला उतार निवडता येत नाही. तुम्हा पोरांना निवडता येतो. निवडा.

ओलीवाट

काका, तुम्हाला नमस्कार. शेवटचं वाक्य भावाला वाचून दाखवलं.

गडकोट

माणदेशी यांचं अनुभवाचं बोलणं पटलं. कातळकडा, तुमचंही वाचतोय. पण माझा मुद्दा तसाच आहे. गावातल्या म्हाताऱ्याला जे ठाऊक असतं ते यंत्राला नसतं.

कातळकडा

गडकोट, यात मी तुमच्या बाजूचाच आहे. फक्त त्या ज्ञानाचे दोन भाग पाडतो.

ग्लेशियर कुठून येतो, कुठवर येतो, कोणत्या ओढ्यातून येतो हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. १९७९ च्या मार्चमध्ये लाहौलमध्ये हिमस्खलनांनी दोनशेहून जास्त माणसं गेली, ते सांगणारे लोक आजही आहेत. जुनी घरं डोंगराच्या सोंडेवर का, आणि खालची छान सपाट जागा मोकळी का, याचं उत्तर तिथल्या आजीकडे मिळेल. आणि आजी नसेल तर झाडांकडे. देवदाराच्या गर्द रानातून वरपासून खालपर्यंत एक सरळ, बिनझाडांचा पट्टा दिसला तर ती बर्फाची जुनी वाट. पट्ट्यात भूर्जाची कोवळी झाडं असतील आणि त्यांचे बुंधे मुळापाशी उताराच्या दिशेने वाकून मग वर वळले असतील, तर बर्फ तिथे येत असतो. मोठ्या झाडांच्या फक्त चढाकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या असतील तर त्या मागच्या हिवाळ्यातल्याही असू शकतात.

पण आज, या गुरुवारी, या उताराच्या पोटात कोणता थर आहे हे आठवणीतून कळत नाही. तो थर या वर्षी जन्मलेला असतो. त्यासाठी या वर्षीची माहिती लागते: डिसेंबरात किती पडला, मधे किती दिवस कोरडे गेले, वारा कुठून वाहिला. माझ्या ओळखीचे चांगले गाइड रोजच्या रोज हे टिपत असतात, डोक्यात नाहीतर वहीत. तुमचा गाइड निवडताना त्याला एवढंच विचारा: ‘यंदा पहिला बर्फ कधी पडला आणि नंतर किती दिवस ऊन होतं?’ ज्याच्याकडे उत्तर तयार असेल त्याच्याबरोबर जा.

सांजपक्षी

मध्येच विचारते. यूट्यूबवर लोक बर्फात खड्डा खणून वर फावडं ठेवून हाताने थापट्या मारताना दिसतात. ते आपल्याला करता येईल का?

कातळकडा

येईल, आणि प्रत्येकाने एकदा तरी करावं. का करावं ते आधी अनुभवातून सांगतो.

बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स झाल्यावर एका हिवाळ्यात मी गुलमर्गला कोंगदोरीच्या वर स्की करायला होतो. सौम्य उतारावर आम्ही दोघांनी खड्डा घेतला. सव्वा मीटर खाली जमीन लागली. आधी भिंत फावड्याने तासून सपाट केली आणि वरून खाली थर चाचपत गेलो. पद्धत सोपी आहे: थरात अख्खी मूठ घुसते का, नाही तर चार बोटं, नाही तर एक बोट, नाही तर पेन्सिल, नाही तर सुरीच. वरची वीस सेंटिमीटर मूठ जात होती, ताजा बर्फ. खालचा अर्धा मीटर एका बोटाचा, वाऱ्याने दाबलेली लादी. आणि त्याच्या खाली अचानक पुन्हा मूठ. आत हात घातला आणि तो मनगटापर्यंत गेला. बाहेर आला तेव्हा हातमोज्यावर दोन-तीन मिलिमीटरचे चकाकणारे कण होते, भिंगातून बघितले तर पेल्यासारखे पोकळ, कडांना रेघा. कठीण थराखाली मऊ थर म्हणजे उलटी उतरंड, वर रांजण आणि खाली बोळकं.

मग ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब चारही बाजूंनी मोकळा केला. वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि नुसत्या मनगटातून दहा थापट्या, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. कितव्या थापटीला तुटतो ते मोजायचं. आमचा तेराव्याला तुटला. पण आकड्याहून महत्त्वाचं असतं ते कसा तुटला. हा एका झटक्यात, टेबलाचा खण सरकावा तसा, गुळगुळीत पुढे आला. माझा जोडीदार, जो बोलका माणूस आहे, तो काही बोललाच नाही. आम्ही दुसरा, ९० सेंटिमीटर रुंदीचा खांब घेतला. यात एकाच टोकावर थापटायचं आणि तडा दुसऱ्या टोकापर्यंत जातो का बघायचं. तडा जागच्या जागी राहिला तर बरं, आरपार गेला तर अख्खा उतार असाच जाऊ शकतो. आमचा एका थापटीत आरपार गेला.

आम्ही आल्या वाटेने झाडांतून खाली उतरलो. त्या दिवशी त्या उतारावर बाकीचे लोक दिवसभर मजेत स्की करत होते आणि काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. ‘काही झालं नाही’ हे ऐकायला आपल्याला फार आवडतं आणि त्यातून चुकीचं शिकायला होतं. बर्फ तुमची चूक प्रत्येक वेळी दाखवून देत नाही.

आता या चाचणीची मर्यादा. खड्डा फक्त खड्ड्यापुरतं सांगतो. तिथून वीस पावलांवर, वाऱ्याच्या आडोशाला, थर दुप्पट जाड असू शकतो. खडकाजवळ किंवा एकट्या झाडाजवळ तो पातळ असतो आणि नेमकं तिथूनच माणसाच्या वजनाने कच्च्या थराला धक्का पोचतो. म्हणून मी खड्ड्याचा उपयोग एकाच दिशेने करतो. वाईट निकाल आला तर परत फिरायचं. चांगला निकाल आला म्हणून तीव्र उतारावर जायची परवानगी मिळाली, असं कधीच नाही.

कोर्स न केलेल्यांनी खड्ड्याआधी डोळे आणि कान वापरावेत. जवळपास ताजं हिमस्खलन झालेलं दिसतंय, पाऊल टाकल्यावर बर्फात तडे धावतायत, ‘धप्प’ होतंय, पायाखाली ढोलासारखं पोकळ वाजतंय, चोवीस तासांत फूटभर किंवा जास्त पडलाय, वारा कड्यावरून बर्फ उडवून पलीकडच्या बाजूला टाकतोय, एकाएकी उकाडा आलाय किंवा बर्फावर पाऊस पडलाय. यातलं एक जरी दिसलं तरी तीस अंशांच्या खाली राहायचं, आणि तीव्र उताराच्या पायथ्याशीही थांबायचं नाही. सपाटीवरून चालताना झालेल्या ‘धप्प’ने वरचा उतार सुटल्याची उदाहरणं आहेत.

उतार मोजायला मोबाइलमधलं कोनमापक पुरतं. काठी बर्फावर उताराच्या दिशेने आडवी टाका, मोबाइल तिच्यावर ठेवा.

आल्प्सच्या_पायथ्याशी

मी स्वित्झर्लंडमध्ये राहते, नवरा इथलाच आणि हिवाळाभर डोंगरात. इथे दावोसला बर्फ आणि हिमस्खलनाची संशोधन संस्था आहे. १९३६ पासून दावोसच्या वर वाइसफ्लुयोखवर ते बर्फ मोजतायत. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला अंदाज येतो आणि सकाळी आठला सुधारून येतो. आमच्या घरी तो वाचल्याशिवाय कुणी बुटात पाय घालत नाही.

धोक्याच्या पाच पातळ्या असतात. नव्याने आलेल्यांना वाटतं की तीन म्हणजे मधलं, म्हणजे ठीक. तसं नाही. इथे सर्वाधिक माणसं तिसऱ्या पातळीच्या दिवशीच दगावतात. चार-पाचला सगळे घरी बसतात, तीनला ऊन असतं, ताजा बर्फ असतो, आणि मोह होतो. वेर्नर मुंटर नावाच्या इथल्या पर्वत-गाइडने सांगितलेला ठोकताळा आमच्या फ्रिजवर चिकटवलाय: दुसरी पातळी असेल तर ४० अंशांच्या खाली, तिसरी असेल तर ३५ च्या खाली, चौथी असेल तर ३० च्या खाली.

भारतात काय सोय आहे ते कुणी सांगेल का? माहेरी दर वर्षी कुणी ना कुणी उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला जायला निघतं आणि मला इथे झोप लागत नाही.

कातळकडा

भारतात हे काम संरक्षण खात्याची संस्था करते. १९६९ मध्ये मनालीला ती ‘सासे’ म्हणून सुरू झाली. २०२० मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन आता चंडीगडची डीजीआरई. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडासाठी त्यांचे इशारे येतात, ‘अमुक जिल्ह्यात इतक्या मीटरच्या वर मध्यम धोका’ अशा रूपात. जिल्हा प्रशासन ते पुढे कळवतं. स्विस अंदाजासारखं उताराच्या दिशेपर्यंतचं बारीक वर्णन मिळत नाही. तेव्हा इशारा आला तर तो मानायचाच, आणि आला नाही म्हणजे सगळं आलबेल असंही धरायचं नाही.

आणि हिवाळ्यापुरतंच हे ध्यानात ठेवू नका. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर गिर्यारोहण प्रशिक्षणार्थींचा तांडा हिमस्खलनात सापडला तो ४ ऑक्टोबर २०२२ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे मिळालेच नाहीत. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले ते ४ एप्रिल २०२३ ला. ते ट्रेकवरही नव्हते.

भूलतज्ज्ञ

डॉक्टर म्हणून थोडं. बर्फात पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले साधारण नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की तीनातला एक. बहुतेक मृत्यू थंडीने होत नाहीत, गुदमरून होतात. श्वासाच्या उबेने तोंडासमोरचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि हवा बंद होते.

याचा सरळ अर्थ असा की बाहेरची मदत तुमच्यासाठी नसते. मनालीहून किंवा उत्तरकाशीहून कुणी पंधरा मिनिटांत पोचणार नाही. वाचवणारे असतात ते तुमच्याबरोबरचेच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्‌झवर चालणारा बीकन (गाडलेल्याची जागा शोधायला संदेश देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र) हवा, पिशवीत प्रोब म्हणजे घडीची लांब सळई आणि धातूचं फावडं. बीकनशिवाय जागा सापडत नाही, फावड्याशिवाय सापडूनही उपयोग नाही. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं घट्ट होतं, हातांनी उकरता येत नाही.

वाहून जाताना जे सुचेल ते करा, पण वेग मंदावतोय असं जाणवताच एक हात तोंडासमोर आणा आणि पोकळी करा. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब. इथे मूळ गोष्ट गुदमरणं आहे, म्हणून नुसत्या छातीच्या दाबावर थांबू नका.

गडकोट

एवढं सगळं वाचून काल रात्री माझे जुने फोटो काढून बसलो. चार ठिकाणी आम्ही दहा-बारा जण रांगेने, एकमेकांच्या पावलांत पाऊल टाकत, उघडा उतार ओलांडताना दिसतोय. पुढच्या वेळी माझ्या गटाला बीकन भाड्याने घेऊन देणार. वापरायची सराव-सत्रं पुण्याजवळ वाळूत किंवा पेंढ्याच्या गंजीत घेता येतील का?

कातळकडा

उत्तम कल्पना, गडकोट. पेंढ्यात लपवून शोधायचा सराव अगदी नीट होतो. मी येतो. तारीख ठरवा.

ओलीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सराव-सत्रात मी आणि भाऊ दोघं नक्की. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्ससाठीही अर्ज केला आहे. त्याआधी तीव्र उतारावर जाणार नाही, हे घरी सांगून टाकलं.

गडकोटांनी फोटो काढले म्हणून मीही काढले. उतार ओलांडून पलीकडे पोचल्यावर मी मागे वळून एक फोटो काढला होता, घाईत, तिरका. वर निळं आभाळ, खाली आमच्या पावलांची रांग. पावलांच्या बरीच वर, बर्फात एक बारीक निळसर रेघ आहे. आमच्या वाटेला समांतर, जवळजवळ अख्ख्या उतारावर. इतके दिवस मी ती सावली समजत होते. काल मोठा करून बघितला. सावली पडायला वर काहीच नाही, झाडही नाही. तडा आहे.

आज सकाळी त्या गाइडला फोन लावला. त्याला आम्ही आठवत होतो. ‘धप्प’सुद्धा. म्हणाला, एप्रिलमध्ये मेंढ्यांच्या वाटा बघायला वर गेलो तर त्या उताराखालचा ओढा बर्फाच्या ढेकळांनी भरलेला होता, त्यात मोडलेले भूर्ज. ग्लेशियर कोणत्या दिवशी आला ते कुणी पाहिलं नाही. त्याला विचारलं, यंदा पहिला बर्फ कधी पडला होता? जराही न थांबता त्याने तारीख सांगितली, आणि मग म्हणाला, “उसके बाद बहुत दिन सूखा था, दीदी. मुझे आपको दूसरे किनारे से ले जाना था.”

फेब्रुवारीत त्याच्याचबरोबर जाणार आहे. वाट तो ठरवेल, आणि या वेळी मी प्रश्न विचारेन.